मदत हवी आहे: २५० घेऊ की ४५०? ट्रेल आणि ट्रॅक दोन्हीसाठी (रविवारपर्यंत ठरवायचंय)

खान्देशी_थ्रॉटल
डर्ट बाईक घ्यायचीय. दोन गाड्या बघून ठेवल्यात, एक २५० आणि एक ४५०. दोन्ही एकाच माणसाकडे, भावात फक्त तीस हजारांचा फरक. तो रविवारपर्यंतच थांबणार म्हणतो. ट्रेल पण करायचीय आणि ट्रॅक पण. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा. "आधी हेल्मेट घे" नको, हेल्मेट आहे. २५० घेतली तर सहा महिन्यांत कंटाळा येईल का, एवढंच विचारतोय.

भरताचं_वांगं
४५०. तीस हजारांसाठी मन काय मारतोस भो.

गॅरेजवाला_धुळे
२५० टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? कंपनी, मॉडेल, तास-मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) आहे का? तुमची उंची-वजन? ट्रॅक म्हणजे नक्की कुठला? आधी काय चालवलंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र रविवारच्या आत हवंय.

शेवभाजी_स्पेशल
४५० पेट्रोल जास्त खाणार. टाकी सहा-सात लिटरची असते, जाऊन-येऊन किती होईल त्याचा हिशेब आधी कर.

खान्देशी_थ्रॉटल
पेट्रोलचं कोणी विचारलंय? मळ्यात ड्रम आहे.
२५० म्हणजे यामाहा वायझेड २५०, टू स्ट्रोक. ४५० म्हणजे कावासाकी केएक्स ४५०, २०१६ ची. उंची ५ फूट ५, वजन ५८. आत्तापर्यंत हिरोची एक्सपल्स चालवलीय, मित्राची. पण टू स्ट्रोक-फोर स्ट्रोकने काय फरक पडतो? सीसी तर सीसीच.

गॅरेजवाला_धुळे
इथंच गाडी घसरली तुमची. टू स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी कामाला येते, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) नेहमीच्या वर्गवारीत १२५ टू स्ट्रोक ही २५० फोर स्ट्रोकसमोर उतरते आणि २५० टू स्ट्रोक ४५० फोर स्ट्रोकसमोर. म्हणजे तुम्ही लहान आणि मोठी अशा दोन गाड्या बघून ठेवलेल्या नाहीत, एकाच वजनगटातले दोन पैलवान बघून ठेवलेत. "२५० चा कंटाळा येईल का" हा प्रश्नच निकालात निघाला. वायझेड २५० अर्ध्या थ्रॉटलनंतर पॉवरबँडमध्ये (जिथे जोर एकदम येतो) शिरली की पुढचं चाक विचारून उचलत नाही.

एक्सपल्स २०० ४व्ही म्हणजे १९ पीएसच्या आसपास, वजन १५८ किलोच्या आसपास. केएक्स ४५० म्हणजे ५० अश्वशक्तीच्या वर आणि वजन ११० किलोच्या आसपास. पॉवर अडीचपटीच्या पुढे, वजन दोन-तृतीयांश. मनगट अर्धा इंच जास्त फिरलं की काय होईल ते या दोन आकड्यांत आहे.

आता ट्रॅक कुठला ते सांगा.

खान्देशी_थ्रॉटल
अमळनेरजवळ पडीक रान आहे मित्राचं, तिथे जेसीबी लावून करणार आहोत. चार-पाच जण आहोत. ट्रेल म्हणजे सातपुड्याकडे, तोरणमाळ वगैरे.

सातपुडा६०
तोरणमाळला जायचं कशावर? शहाद्यावरून वर डांबरी घाट आहे, शेवटी रस्त्यावरूनच जावं लागतं. दोन्ही गाड्यांना हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबर प्लेट नाही. या स्पर्धेच्या गाड्या आहेत, आरटीओत पासिंग होतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागेत गाडी चालवता येत नाही, आणि सार्वजनिक जागा म्हणजे गावातला पांदण रस्तासुद्धा धरा. उद्या गुरं राखणाऱ्याला धक्का लागला तर विमा नाही, काही नाही.

आणि जंगलाचं म्हणाल तर यावल, अनेर, गौताळा ही तिन्ही अभयारण्यं आहेत. परवानगीशिवाय आत गाडी नेली की गुन्हा, मग ती २५० असो नाहीतर ४५०.

कागदं काय आहेत विकणाऱ्याकडे? बिल ऑफ एंट्री दाखवलं का?

खान्देशी_थ्रॉटल
कागदं नाहीत, पण अशा गाड्यांना कागदं नसतातच म्हणाला.

सातपुडा६०
नोंदणी नसते, बरोबर. पण परदेशातून आली असेल तर सीमाशुल्क भरल्याचा कागद असतो, इथल्या डीलरकडून घेतली असेल तर बिल असतं. फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर त्या कागदाशी जुळवा. कागदच नसेल तर उद्या तुम्हाला ती विकताही येणार नाही, आणि चोरीला गेली तर तक्रार कशाच्या आधारावर देणार?

टू_स्ट्रोक_भक्त
कागदांचं बघून घ्या, पण दोघांत वायझेडच. इंजिन उघडायला एक संध्याकाळ पुरते: हेड, सिलिंडर, पिस्टन, रिंग, पिन, गॅस्केट, झालं. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. ४५० चा हेड उघडला तर खर्च ऐकून पाणी प्यावं लागतं.
फक्त ऑइल नीट मिसळा. १ लिटरला २५ मिली, म्हणजे ४०:१. चांगलं सिंथेटिक असेल तर एवढं पुरतं, जास्त घातलं तर नुसता धूर आणि काळा प्लग.

नर्मदे_हर
४०:१? आपल्या उन्हात? मे महिन्यात जळगाव ४५ ला टेकतं. सरळ २५:१ घाला, इंजिन जेवढं तेलकट तेवढं सुरक्षित.

टू_स्ट्रोक_भक्त
हा गैरसमज बठ्ठ्या खान्देशात आहे. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तेवढाच असताना तेल वाढवलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट कोरडं पडतं. कोरडं पडलं की पिस्टन तापतो आणि चिकटतो. तेल वाढवायचं तर जेटिंग पण बघावं लागतं.

नर्मदे_हर
लुनाच्या काळापासून सगळे जास्तच घालत आलेत, कुणाची चिकटली?

गॅरेजवाला_धुळे
दोघंही थांबा. यामाहाच्या पुस्तिकेत वायझेडसाठी ३०:१ आहे, लिटरला ३३ मिली. ५ लिटरच्या कॅनला १६५. मोजपात्राने मोजा, झाकणाने नाही. आणि ई२० पेट्रोल पाणी धरतं, मिश्रण करून महिनाभर ठेवू नका. आठवड्यात चालवणार नसाल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

उन्हाचं खरं काम जेटिंगमध्ये आहे. मे महिन्यात हवा पातळ असते, तेव्हा गाडी पेट्रोल जास्त पिऊन बुडबुडते. एवढ्याने इंजिन जात नाही. धोका डिसेंबरच्या सकाळी. उन्हाळ्यात मेन जेट एक नंबर कमी केलेला असतो, तोच थंडीत राहिला की पिस्टन गेला. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी पुन्हा हवा पातळ, म्हणून तिथे थंडीतही थोडी जड वाटेल. तिथे ते चालतं, खाली उतरल्यावर विसरू नका.

आणखी एक, टू स्ट्रोकवाले हे सांगत नाहीत: लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरवर सोडलं की पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद. फेरे मात्र चालूच. मध्येमध्ये क्लच दाबून थ्रॉटलला एक-दोन झटके द्यायचे.

चाळीसगावकर
मला तर दोन्ही ट्रेलसाठी चूक वाटतात. मोटोक्रॉसची गाडी ट्रेलला का नको, ते रेडिएटरजवळ वाका म्हणजे दिसेल. मागे पंखाच नाही. ट्रॅकवर वाऱ्याने भागतं. नाल्यातून पहिल्या गिअरवर दगडांवरून दहा मिनिटं चढलात की कूलंट झाकणातून बाहेर. त्यात पाच गिअर जवळजवळचे, पहिला गिअर उंच, त्यामुळे हळू चालायला सतत क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो. प्लेटा जळतात आणि तेच तेल पुन्हा तापतं.

मागचं चाक १९ इंची. १८ इंचीला एक्सपल्समुळे टायर-ट्यूब मिळतात, १९ चं प्रत्येक वेळी मागवायचं. आपल्याकडे बाभळीच्या काट्याने महिन्यात दोनदा ट्यूब जाते, हे लक्षात घ्या. जाड ट्यूब टाका, रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरणारा तुकडा) असेल तर १२–१४ पीएसआय, नसेल तर १८ च्या खाली जाऊ नका; ट्यूब रिममध्ये फिरते आणि व्हॉल्व्ह उपटतो.

२०१६ ची केएक्स किकचीच आहे, बटण स्टार्ट २०१९ पासून आलं. ५ फूट ५ उंची, चढावर गाडी बंद पडली, खाली गोटे, एक पाय हवेत. त्या अवस्थेत किक मारून बघा.

भरताचं_वांगं
उंचीचं कारण देऊ नका हो. सीटचा फोम कापला की दोन इंच खाली येते. खाली मागच्या शॉकअपची लिंक पण बदलता येते.

चाळीसगावकर
फोम कापा, किक तर कापता येत नाही ना. आणि खरी अडचण शॉकअपची आहे. या गाड्यांची स्प्रिंग कंपनीतून ७५–८० किलोच्या स्वारासाठी येते. ५८ किलोचा माणूस बसला की ती दबतच नाही, खडकावर मागचं चाक उड्या मारत राहतं.
तपासायची पद्धत: मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजा. मग पूर्ण कपड्यांत, बूट घालून बसा आणि पुन्हा मोजा. फरक १०० ते १०५ मिमी हवा. तो जमवल्यावर खाली उतरा आणि गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने किती बसते ते बघा, ३० ते ४० मिमी चांगलं. ५० च्या पुढे गेली तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे, ती बदलायचीच.

केळीबाग_रावेर
ट्रॅकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. अमळनेरचं पडीक रान म्हणजे काळी माती असेल. ती वाळली की भेगा पडतात, त्या भेगेत पुढचं चाक गुंततं. पावसात तर विचारू नका, मडगार्ड आणि टायरमध्ये गोळा होऊन चाकच थांबतं. चढ-उतार आणि उड्यांची तोंडं मुरमाची करा. सपाट भागात रोटाव्हेटर ६ इंच, आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी, सकाळी वरचा थर हाताने दाबला तर लाडू व्हावा पण चिखल हाताला लागू नये. उडी मारायला सुरुवातीला टेबलटॉपच करा, मधे खड्डा ठेवायचा नाही. एक मीटर उंच, वर तीन-चार मीटर सपाट, आणि उतरायची बाजू चढाच्या बाजूपेक्षा लांब आणि सौम्य. जेसीबीवाला उभी भिंत करून देतो, त्याच्याजवळ उभं राहा.

शेवभाजी_स्पेशल
ट्रॅक्टर कितीच्या एचपीचा लागेल रोटाव्हेटरला? अवांतर आहे, पण माझ्याकडे ३५ चा आहे.

केळीबाग_रावेर
३५ ला ५ फुटी चालतं. काळ्यात जरा ओल असताना.

खान्देशी_थ्रॉटल
धागा रोटाव्हेटरवर गेला. मग घेऊ काय ते कोणी सांगेल का? बजेट तीन लाख.

गॅरेजवाला_धुळे
तीन लाख आहेत हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर आतापर्यंत धागा संपला असता.

महिन्यातले चार रविवार धरा. तीन ट्रेलला आणि एक ट्रॅकला असेल तर नोंदणी होणारी गाडी घ्या. एक्सपल्स २१० आहे, लिक्विड कूल्ड, सहा गिअर. कावासाकी केएलएक्स २३० आहे, एअर कूल्ड, साधी. १४० किलोच्या आतबाहेर, पण सीट ८८० मिमीच्या आसपास, तुमचे टाचांचे हाल होतील. शोरूमला बसून बघा. घाटात हळू चालायचं असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करा. मागचे तीन दात वाढवण्याइतकाच फरक पडतो, खर्च थोडा. उरलेल्या पैशात गुडघ्याचे ब्रेस आणि बूट. तुमच्या मातीच्या ट्रॅकवर ही गाडी एक मीटरच्या टेबलटॉपला पुरते, त्याहून मोठी उडी मारली तर फोर्क तळाला आदळेल.

उलटं असेल, म्हणजे तीन ट्रॅक आणि एक ट्रेल, तर छोट्या हत्तीत टाकून न्यायच्या तयारीने मोटोक्रॉस गाडी. पण मग २५० फोर स्ट्रोक शोधा. या दोन्ही नकोत.

टू_स्ट्रोक_भक्त
२५० फोर स्ट्रोक का? तीही १३–१४ हजार आरपीएमला ओरडते. पिस्टन आणि व्हॉल्व्ह तासांच्या हिशेबानेच जातात.

गॅरेजवाला_धुळे
जातात. पण पॉवर सरळ रेषेत येते, शिकणाऱ्याला मनगट सुधारायला वेळ मिळतो. ऑइल मात्र दर ५–६ तासांनी. किलोमीटर विसरा, तास लिहून ठेवा.

खान्देशी_थ्रॉटल
पण वायझेड फारच स्वच्छ आहे हो. नवी दिसते. शनिवारी जाऊन बघू का निदान?

गॅरेजवाला_धुळे
प्लास्टिक नवं मिळतं, त्यावर जाऊ नका. जाणारच असाल तर हे करा.

पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर त्याने आधी चालू करून ठेवलीय, थंड होईपर्यंत चहा प्या. थंड गाडी दोन-तीन किकमध्ये चालू व्हायला हवी. केएक्सला पाच-सहा लागत असतील तर बहुतेक इनटेक व्हॉल्व्हची क्लिअरन्स बंद होत आलीय. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतात. वरचा थर गेला की शिम (व्हॉल्व्हची फट जुळवणारी चकती) बदलून चार तास चालतात आणि परत तेच.
वायझेडला पुढच्या पाइपासकट सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर एकदा चिकटलेली आहे. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बोटांवर घासा, चमचमतं का बघा.
गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक वर-खाली हलवा. कट्कट आवाज म्हणजे लिंकेजचे बेअरिंग गेले, ते चार-पाच असतात आणि सगळे एकदम बदलावे लागतात. मग चाक आडवं हलवा, तिथे खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा स्विंग आर्म. पुढे फोर्कच्या नळीवर तेलाची कड दिसते का. स्पोक पानाने एकेक वाजवा, एक जरी भद्द वाजला तर रिम बघा.

खान्देशी_थ्रॉटल
फोन केला. सायलेन्सर काढू देणार नाही म्हणाला, सील आहे म्हणे. बिलाचं विचारलं तर "तुम्हाला गाडी घ्यायचीय की बिल" म्हणाला.

सातपुडा६०
सायलेन्सरला कसलं सील? दोन स्प्रिंगा आणि दोन बोल्ट.

भरताचं_वांगं
मी ४५० म्हणालो होतो ते मागे घेतो.

खान्देशी_थ्रॉटल
ठीक. शनिवारी शोरूमला जाऊन केएलएक्सवर बसतो. आणि ते पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी केलं तर चेन नवी लागेल का?

चाळीसगावकर
नाही, एक दाताला मागचं चाक अॅडजस्टरवर थोडं मागे जातं, तेवढ्यात बसते. चेन फार ताणू नका, मधोमध पुस्तिकेत दिलेली ढील ठेवा, आणि ती गाडीवर कोणी बसलेलं असताना पण मोजा.