मदत हवी आहे: घरदुरुस्तीचं सामान आपण आणून द्यावं की कंत्राटदारावर सोडावं?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याला आईबाबांचं बैठं घर आहे, १९८९ सालचं. दोन्ही बाथरूम फोडून नवीन करायची आहेत, स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा आहे आणि वायरिंगही सगळं नव्याने करायचं आहे. एका बाथरूमच्या पाठीला देवघराची भिंत आहे. तिला कमरेएवढी ओल चढली आहे. हात टेकला तर प्लास्टरचा भुगा बोटांना लागतो. आई रोज पूजेला बसायच्या आधी तो भुगा झाडून काढते. या पावसाळ्याआधी हे काम व्हायलाच हवं.

कंत्राटदार ओळखीतला आहे. हाताने चांगला आहे, गल्लीतली त्याची दोन कामं मी आत जाऊन बघितली. त्याने दोन आकडे दिलेत. मटेरियलसकट ६ लाख ४० हजार, किंवा नुसती मजुरी २ लाख ३५ हजार आणि सामान आपलं. मी दुकानांतून भाव काढले, तर सामान साडेतीन लाखांत बसतंय. म्हणजे ५५ हजार वाचतात. पण मी पुण्यात असते आणि बाबा ७६ वर्षांचे आहेत. गोण्या मोजत उन्हात उभं राहणं त्यांना झेपणार नाही, आणि मला ते त्यांना सांगायचंही नाही.

बाबांचं म्हणणं, सगळं एकाच्याच गळ्यात असू दे. भाऊ म्हणतो, सामान आपणच आणायचं. दोघांचं मला पटतं आणि म्हणूनच अडकले आहे.

२०१९ मध्ये पुण्याच्या फ्लॅटच्या लाद्या मी स्वतः आणल्या होत्या. दोन बाय दोनच्या, खोक्यात चार, म्हणजे साधारण १६ चौरस फूट. हॉल मोजला आणि नेमकी तेवढीच खोकी घेतली. कटिंगमध्ये आणि तुटफुटीत तीन खोकी कमी पडली. दुकानात तोच नंबर मिळाला, पण बॅच वेगळी. खिडकीजवळच्या दोन ओळी आजही किंचित पिवळट दिसतात. शिवाय लादी येईपर्यंत मिस्त्री दोन दिवस बसून होता, त्याची हजेरी मीच भरली.

उलट माझ्या मामेबहिणीने मटेरियलसकट काम दिलं. कोटेशनवर फक्त 'चांगल्या कंपनीचे पाइप' एवढंच लिहिलं होतं. गरम पाण्याच्या लाइनला एसडीआर ११ चा सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) टाकतो असं तोंडी ठरलं होतं. एसडीआर म्हणजे पाइपच्या जाडीचा आकडा, तो जितका मोठा तितका पाइप पातळ. भिंती बंद झाल्यावर अंगणात पडलेला तुकडा तिने उचलून बघितला, तर त्यावर १३.५ छापलेलं. म्हणजे पातळ पाइप. आता भिंत कोण फोडणार?

माझी खरी धास्ती वॉटरप्रूफिंगची आहे. केमिकल मी आणून दिलं आणि वर्षभरात पुन्हा ओल आली, तर कंत्राटदार म्हणणार 'माल तुमचा होता'. दुकानदार म्हणणार 'लावताना चुकलं असेल'. अशा वेळी बाबांनी फोन कोणाला करायचा?

कोणत्या वस्तू आपण घ्याव्यात, कोणत्या त्याच्यावर सोडाव्यात? करारात नेमकं काय लिहून घ्यावं? ज्यांनी अलीकडे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी साइटवरच काम करतो. ज्या कामाची गॅरंटी मागायची, त्याचा माल त्याच्याकडूनच घ्या. वॉटरप्रूफिंग, सिमेंट, वाळू, भिंतीतले पाइप हे सगळं त्याच्याकडे ठेवा, मात्र कंपनी, ग्रेड आणि एसडीआर कागदावर लिहून घ्या. लाद्या, नळ, कमोड, ओट्याचा ग्रॅनाइट हे डोळ्यांना दिसणारं सामान तुम्ही निवडा. लादी दहा टक्के जास्तीची आणि एकाच बॅचची घ्या. खोक्यावर बॅच आणि शेड छापलेली असते, गाडीतून उतरवताना प्रत्येक खोकं बघा.

सिमेंट तुम्ही आणाल तर ते ठेवणार कुठे? गोणीवर आठवडा आणि साल असतं. तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद कमी होते, आणि जमिनीला टेकून भिंतीशी रचलं तर त्याहून लवकर. मालकाचा माल असला की कामगार घमेलं जपून ओततात असंही नाही, हे मी रोज बघतो.

लादी लावायच्या आधी बाथरूममध्ये पाणी भरून किमान ४८ तास ठेवायला लावा. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. थोडं पाणी उन्हावाऱ्याने उडतं, पण पातळी बोटभर उतरली तर गळती आहे. त्या दिवशी देवघराच्या भिंतीवर हात फिरवून बघा. ही चाचणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, हे करारात घाला.

प्रतिसाद २

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मिस्त्रीचं कमिशन बऱ्याच दुकानांत भावातच धरलेलं असतं. तुम्ही एकट्या येऊन माल नेलात, तरी तो नंतर येऊन तुमचं नाव सांगतो आणि घेऊन जातो. तेव्हा सामान स्वतः आणलं म्हणजे ते वाचलं, असं धरू नका. त्याच्यासमोरच दुकानदाराशी भाव ठरवा.

दुसरं, तुमचे भाव जीएसटी धरून आहेत का? लाद्या, वायर, नळ, सगळ्यावर १८ टक्के आहे. साडेतीन लाखांवर ते ६३ हजार होतात, तुमच्या ५५ हजारांच्या वर. आणि बिल पक्कं, तुमच्या नावाचंच घ्या. नळाची वॉरंटी मागायला गेलात की आधी तेच मागतात.

वायर मात्र तुम्हीच घ्या. ९० मीटरचं सीलबंद बंडल असतं, मोजायची भानगड नाही. जाडी दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटर. न उघडलेली बंडलं परत घेणार का, हे आधीच विचारून ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. कागद काढून बघितले, तीनपैकी दोन दुकानांचे भाव जीएसटी सोडूनच होते. वाचणारे पैसे म्हणून मी जे धरून बसले होते ते मुळात नव्हतेच.

बाबा संध्याकाळी कंत्राटदाराशी बोलले. लाद्या, नळ, वायर आमची, बाकी माल त्याचा, असं तो नव्याने लिहून देतोय. पाणी भरून ठेवायलाही तयार आहे. गळतीची हमी मात्र तो एकच वर्ष देतो म्हणतो, मला किमान तीन पावसाळे हवेत. त्यासाठी शेवटचा हप्ता थोडा अडकवून ठेवणं रास्त आहे का, आणि किती? आणखी एक, आठवड्यातून दोनदा साइटवर येऊन बघेल असा इंजिनिअर साताऱ्यात मिळतो का? एका फेरीचे तो साधारण किती घेतो?