पाण्यावरचं दारूकाम आणि बोटींना बंदी : किती अंतर, किती वेळ?

सुकाणू

किनाऱ्यालगत बार्जवरून, म्हणजे ओढून नेतात त्या सपाट तळाच्या बोटीवरून, आतषबाजी होते, तेव्हा आसपासची बोटींची ये-जा बंद करावी की नाही, यावर दर वेळी तेच भांडण होतं. बोटवाले म्हणतात आमची अडवणूक होते, आयोजक म्हणतात सुरक्षेचा प्रश्न आहे, बोलू नका. माझं मत असं की बंदी हवीच, आणि आज असते त्यापेक्षा जास्त वेळ हवी. अंतराचा विचार बहुतेक ठिकाणी झालेला असतो. वेळेचा कोणी करत नाही.

४ जुलै २०१२ ची रात्र घ्या. अमेरिकेत सॅन डिएगोच्या उपसागरात १८ मिनिटांचा कार्यक्रम ठरला होता. मुख्य आणि राखीव अशा दोन संगणकीय आज्ञावल्या एकत्र होताना घोळ झाला आणि बार्जवरचा सगळा माल अर्ध्या मिनिटाच्या आत एकदम उडाला. त्याचं चित्रीकरण पाहिलंत तर पाण्यातून आगीचे खांब उठल्यासारखं दिसतं. इजा मात्र एकालाही झाली नाही, कारण माणसं आणि बोटी लांब ठेवल्या होत्या.

त्याच रात्री, देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ऑयस्टर बे या उपसागरात दारूकाम सुरळीत पार पडलं. ते बघून परतणारी ३४ फुटी बोट उलटली. तिच्यावर २७ जण होते. केबिनमध्ये अडकून तीन मुलं गेली.

जिथे सगळं बिघडलं तिथे कोणाला खरचटलंही नाही, आणि जिथे काहीच बिघडलं नाही तिथे मुलं बुडाली. माझ्या डोक्यातून ही गोष्ट जात नाही. शेवटचा गोळा फुटला की बंदी उठते, आणि त्याच मिनिटाला सगळी इंजिनं सुरू होतात. लोकांच्या डोळ्यांत अजून लखलखाट भरलेला असतो. अंधाराला नजर पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. पुढच्या बोटीचा लाल-हिरवा दिवा किनाऱ्यावरच्या रोषणाईत हरवतो. कुणी नांगर टाकून पांढरा दिवा लावलेलाच नसतो. अशा वेळी एकाने जरी वेग घेतला, तरी त्याच्या मागे उठणारी लाट शेजारच्या छोट्या बोटीला आडवी बसते.

म्हणून माझी सूचना : शेवटच्या गोळ्यानंतर अर्धा तास कोणी नांगर उचलायचा नाही. नंतर बाहेरच्या बोटी आधी, आतल्या मग, अशा तुकड्या सोडायच्या. मागे लाट उठणार नाही इतकाच वेग. मतं येऊ द्या.

भरतीओहोटी

असहमत. भावना समजते, पण उपाय चुकतोय.

ऑयस्टर बेची बोट बंदीचं वर्तुळ लहान होतं म्हणून उलटली का? ३४ फुटांच्या बोटीवर २७ माणसं चढली, हे तिथलं मूळ आहे. ती मोजायची होती धक्क्यावर, निघताना. त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण हाँगकाँगचं. १ ऑक्टोबर २०१२ ला एका वीज कंपनीचे कर्मचारी आणि त्यांच्या घरची मंडळी ‘लामा फोर’ बोटीतून व्हिक्टोरिया हार्बरचं दारूकाम बघायला निघाली होती. लामा बेटाजवळच एका फेरीबोटीशी टक्कर झाली आणि ३९ माणसं गेली, त्यांत मुलंही होती. चौकशीत निघालं काय? पाणी अडवणारा एक दरवाजा त्या बोटीत बसवलेलाच नव्हता. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट नव्हती. आतषबाजीची जागा तिथून कितीतरी लांब होती. बार्जभोवती हवं तेवढं मोठं वर्तुळ आखलं असतं, तरी त्यातलं एक माणूस वाचलं नसतं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं चाललंय हे. वर्तुळ आखणं सोपं असतं. नकाशावर कंपास फिरवला की झालं. माणसं मोजायला, जॅकेट तपासायला, दिवे बघायला प्रत्येक बोटीवर कुणीतरी चढावं लागतं. ते टाळायचं म्हणून बंदी.

वातीवाला

मी दारूकामाच्या टोळीत काम करतो, म्हणून वर्तुळ कशासाठी असतं ते सांगतो. वरच्या प्रतिसादात ते फारच हलक्यात घेतलंय.

गोळा नळीत बसतो. खालची उचल-दारू त्याला वर फेकते आणि त्याच क्षणी गोळ्याची आतली वात पेटते. वर टोकाला पोचेपर्यंत वात संपली पाहिजे आणि गोळा फुटला पाहिजे. यात तीन प्रकारे घोटाळा होतो. उचल-दारू दमट असली की गोळा अर्ध्यातच रेंगाळतो आणि खाली येताना, कधी अगदी पाण्याजवळ फुटतो. वात विझली तर न फुटता जसाच्या तसा खाली पडतो. आणि नळी कलंडली तर तो वर जायच्या ऐवजी आडवा निघतो. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. बार्ज लाटेवर हलतं, म्हणून नळ्यांच्या चौकटी आम्ही ठोकून, बांधून, वाळू भरून ठेवतो. तरी शेजारच्या नळीत गोळा फुटला तर चौकट निखळते.

अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ११२३ क्रमांकाच्या मानकात साधा हिशोब आहे : नळीच्या व्यासाच्या दर इंचाला किमान ७० फूट अंतर. ६ इंची गोळा असेल तर ४२० फूट, १२ इंची असेल तर ८४० फूट, म्हणजे साधारण २५६ मीटर. वारा असला तर वाऱ्याच्या दिशेला आणखी. हे किमान आहे, आरामाचं नाही.

आणि बोट म्हणजे काही मैदानातला प्रेक्षक नव्हे. मैदानात ठिणगी पडली तर माणूस झटकतो. बोटीवर कापडी छत असतं, पेट्रोलची टाकी असते, तळाशी कधी पेट्रोलची वाफ साचलेली असते. मी बार्जवरून बघितलंय, वारा फिरला आणि जळक्या पुठ्ठ्याचे तुकडे एका बोटीच्या छतावर जाऊन बसले. कडा लाल होत्या. छताला भोकं पडत गेली, आणि बोटीवरची माणसं तोंड वर करून पुढचा गोळा बघत होती. आम्ही ओरडलो, पण त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार!

वल्हं

मासेमारी करणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत आमचा विचार नेहमी शेवटी होतो.

भरती आतषबाजीचं वेळापत्रक बघून येत नाही. जाळं टाकलेलं असतं, ते ओढायची वेळ ठरलेली असते. बंदीची सूचना बंदर कार्यालयाच्या फळ्यावर लागते किंवा रेडिओवर सांगितली जाते. ज्याच्याकडे व्हीएचएफ संच (बोटीवरचा रेडिओ) नाही त्याला कळतं कधी? गस्तीच्या बोटीने दिवा मारून हाकलल्यावर. मग तो माणूस जाळं सोडून बाहेर थांबतो किंवा लांबच्या वाटेने जातो.

हेही आम्ही सोसू, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण आम्हाला बाहेर काढल्यावर प्रायोजकांच्या पाहुण्यांची बोट आत उभी असते, ती कशी? एका ठिकाणी मी हे स्वतः पाहिलंय. रोषणाई केलेली मोठी बोट, आणि आम्हाला जिथून परत फिरवलं त्याच्याही आत. गोळा पाहुणे बघून पडतो का?

सुकाणू

@वल्हं, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. वर्तुळाच्या आत फक्त तीनच प्रकारच्या बोटी असाव्यात असं माझं म्हणणं आहे : दारूकामवाल्यांची, आग विझवणारी आणि गस्तीची. बघायला आलेली कोणतीही बोट नको, कोणाचीही असो. अमेरिकेत तटरक्षक दलाचा बंदर-कप्तान असं तात्पुरतं सुरक्षा क्षेत्र जाहीर करतो आणि त्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पण परवानगी देण्याचा अधिकार आला की ओळखीपाळखीही येतात. नियमातच प्रेक्षक-बोटींना मज्जाव लिहिला, तर गस्तीवरच्या शिपायालाही नाही म्हणणं सोपं जातं.

तुमच्या अडचणीवर तिकडची एक पद्धत उपयोगी पडेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात माल भरताना, बार्ज ओढून नेताना आणि मांडणी चालू असताना भोवती फक्त १०० फूट बंद ठेवतात. कार्यक्रम सुरू होताना ते क्षेत्र १००० फुटांचं होतं. म्हणजे दिवसभर अख्खं पाणी अडवायची गरज नाही. धोका वाढेल तसं वर्तुळ वाढवा.

@भरतीओहोटी, माणसं मोजणं आणि वर्तुळ आखणं यांत निवड का करायची? हाँगकाँगच्या बोटीवर मुलांची जॅकेट नव्हती ही भयंकर गोष्ट आहे. पण एरवी पाण्यावर न जाणारी कुटुंबं त्याच रात्री, अंधारात, गर्दीत बोटीवर चढतात, आणि ती चढतात दारूकामासाठी. त्या गर्दीला बोलावणाऱ्याची जबाबदारी बार्जपाशी संपत नाही.

काठावरून

पाणी बंद केलं की गर्दी काठावर येते, हेही लक्षात ठेवा. जपानमध्ये आकाशी इथे २१ जुलै २००१ ला आतषबाजी संपल्यावर पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, ११ जण गेले, बहुतेक लहान मुलं. एकीकडची माणसं उठवून दुसरीकडे कोंबू नका एवढंच.

भरतीओहोटी

वातीवाल्यांचा प्रतिसाद वाचून अंतराबद्दल माझा वाद उरला नाही. नळीच्या व्यासावरून हिशोब निघत असेल तर तो निघू द्या. पण मग त्याचा दुसरा अर्थही घ्या. १२ इंची गोळ्याला २५६ मीटर त्रिज्या, म्हणजे पाचशे मीटरच्या वर रुंदी. अरुंद खाडीत हे वर्तुळ या काठापासून त्या काठापर्यंत जातं आणि फेरीबोट बंद पडते. पलीकडे राहणाऱ्या माणसाला घरी जायचंय, कुणाला रुग्णालयात जायचंय, त्याचं काय? तिथे बोटी हाकलण्याआधी गोळा लहान करा. टोकियोत सुमिदा नदीवर दाट वस्तीमुळे लहान गोळेच उडवतात आणि तरी लोक लोटतात. आयोजकाला मोठा गोळा हवा असेल तर त्याने मोठं पाणी शोधावं.

अर्धा तास थांबवून ठेवण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. दाटीवाटीने नांगरलेल्या बोटी, ओहोटी लागलेली, दोर एकमेकांत गेलेले, बोटीवर रडणारी मुलं आणि कुणीतरी दारू प्यालेलं. अशा जमावाला सक्तीने बसवून ठेवलं तर पंधराव्या मिनिटाला कोणीतरी दोर कापून निघेल आणि त्याच्यामागे सगळे. रांगेने सोडायचं तर लगेच सोडायला लागा.

वातीवाला

लगेच सोडता येत नाही, त्याचं कारण आमच्याकडून ऐका.

प्रेक्षकांसाठी शेवटचा गोळा फुटतो तेव्हा कार्यक्रम संपतो. आमच्यासाठी तेव्हा संपत नाही. न उडालेल्या नळ्या शोधायच्या असतात. पेटून अडकलेला गोळा उशिरानेही निघू शकतो, म्हणून आम्हीही काही वेळ जवळ जात नाही. मग विजेचं कनेक्शन तोडून, कोणत्या नळीतला गोळा राहिला ते एकेक बघतो. जमिनीवर न फुटलेले गोळे टॉर्च घेऊन शोधता येतात. पाण्यात पडलेला कसा शोधणार? तो तरंगत असला तर काळ्या पाण्यात काळाच दिसतो. तेवढ्यात बोटी बार्जच्या बाजूने सुटल्या, हौसेने फोटो काढायला जवळ आल्या, तर आमच्या पोटात गोळा येतो. बार्जजवळचं वर्तुळ उठवायचं ते टोळीच्या प्रमुखाने ‘मोकळं’ म्हटल्यावरच, घड्याळ बघून नाही.

बाहेरच्या कडेच्या बोटी मात्र आधी सुटायला माझी हरकत नाही. त्या बार्जकडे येणार नसतील तर.

सुकाणू

मग असं करता येईल. वर्तुळ टोळीप्रमुखाच्या शब्दावर उठेल. बाहेरची फळी दहा मिनिटांनी, वेगमर्यादा पाळून निघेल. भरतीओहोटींची सक्तीबद्दलची भीती मला खरी वाटते, म्हणून अर्ध्या तासाचा हट्ट बाहेरच्यांसाठी सोडतो. पण वेगमर्यादेवर मी मागे हटणार नाही, आणि ती धक्क्याला लागेपर्यंत हवी. ऑयस्टर बेची मुलं परतीच्याच वाटेवर गेली.

भरतीओहोटी

वेगमर्यादा मान्य. निघताना माणसं मोजणंही आयोजकाच्या परवान्यात लिहा, नाहीतर माझा विरोध कायम.

वल्हं

कागदावर सगळं बरं दिसतंय. पण हे पाळून घेणार कोण? दोन गस्ती बोटी आणि शंभर होड्या असतील तर पहिला माणूस निसटला की संपलं. आणि दंड कोणाला होतो, तर ज्याची बोट हळू चालते त्याला, कारण तोच सापडतो.

माझी अट एवढीच. आयोजकाने परवाना मागताना गस्तीच्या बोटी किती, त्या कुठे उभ्या राहणार आणि मासेमारीच्या बोटींना जायची वाट कोणती, हे आधी लिहून द्यावं. बोटी पुरेशा नसतील तर परवाना नाही. आणि बंदीची तारीख आठवडाभर आधी आमच्या धक्क्यावर येऊन तोंडाने सांगावी. एवढं झालं तर आमच्याकडच्या लोकांना थांबवायची जबाबदारी मी घेतो.

सुकाणू

लिहून घेतलं. गस्ती बोटींचा आकडा पहिल्या ओळीत टाकतो. या सगळ्या अटींचा मसुदा इथेच टाकेन, वातीवाल्यांनी अंतराचा भाग तपासून द्यावा.