मदत हवी आहे: घरी केलेलं टाचांचं मलम दीड महिन्यात खवट होतंय

नमस्कार,

दोन वर्षांपासून मी आईसाठी टाचांच्या भेगांचं मलम घरी करते. घाण्याचं करडई तेल, कोकमतेल (कोकणातलं भिरंडेल) आणि मधमाश्यांचं मेण, एवढंच. गुलाबपाणी, कोरफड असं पाण्याचं काहीच घालत नाही, म्हणून बुरशी कधी धरली नाही. त्रास वासाचा आहे. दिवाळीत केलेलं मलम तीन-चार महिने छान राहतं, पण मार्चनंतर केलेलं दीड महिन्यात खवट.

गेल्या महिन्यात बार्शीला गेले तर डबी आईच्या उशाशी, खिडकीत. दुपारी ऊन थेट तिच्यावर. झाकण उघडलं तर आधी जुन्या शेंगदाण्याचा आणि मागून ऑइलपेंटचा वास. कडेला चिकट, पिवळट थर. आई तेच रोज रात्री चोळून मोजे घालून झोपत होती. म्हणाली, "तू एवढं करून दिलंस, टाकू कसं?" तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

तेल आणि मेण मी आजीच्या लोखंडी कढईत मंद आचेवर वितळवते. १०० ग्रॅमला व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घालते. रिकामी डबी पुसून तीच परत भरते. कॅप्सूल वाढवू का? रोझमेरीचं सुगंधी तेल घातलं तर टिकेल का? वास झाकायचा नाहीये, तेल खरंच चांगलं राहायला हवंय.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं घरी साबण आणि मलमं करते. तुमचा पहिला अडसर करडईच. नेहमीच्या करडई तेलात ७० टक्क्यांच्या वर लिनोलिक आम्ल असतं आणि हवेतला ऑक्सिजन नेमका त्यालाच धरतो. जवसाचं तेल तर याहून लवकर जातं. कोकमतेलाची काळजी नको, ते टिकाऊ आहे. करडईऐवजी तिळाचं तेल घ्या. त्यात स्वतःचेच राखणदार असतात, सेसमॉल वगैरे. थोडं एरंडेलही चालेल.

कॅप्सूलचं म्हणाल तर वाढवून काही होणार नाही. मेडिकलमधल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल अॅसिटेट, म्हणजे व्हिटॅमिन ईचं बांधलेलं रूप असतं. ते पोटात गेल्यावर सुटं होऊन काम करतं, डबीत नुसतं पडून राहतं. तुम्हाला हवं ते मिश्र टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ईचं डबीतही काम करणारं मोकळं रूप. १०० ग्रॅमला ०.२ ते ०.३ ग्रॅम, काट्यावर मोजून, मलम कोमट झाल्यावर घाला. जास्त घातलं तर उलटा परिणाम होऊ शकतो. रोझमेरीचा अर्क उपयोगी आहे, पण सुगंधी तेल म्हणजे तो अर्क नव्हे. आणि खवट झालेलं तेल यातल्या कशानेही परत चांगलं होत नाही.

कढई आजीची आहे हे कळतं, पण या कामाला ती नको. लोखंड आणि तांबं दोन्हींमुळे तेल लवकर खवटतं. पातेल्यात पाणी उकळा, त्यात स्टीलचं भांडं ठेवून वितळवा.

प्रतिसाद २

डबी पुसून भरणं आधी थांबवा. कडेचा तो चिकट थर म्हणजे विरजणच समजा, ताजं मलमही त्याच्या संगतीने लवकर बिघडतं. गरम पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, नाहीतर नवी घ्या. एका मोठ्या डबीऐवजी छोट्या डब्या काठोकाठ भरा, एक वापरात आणि बाकीच्या फ्रिजमध्ये. घाणेवाल्याला तेल कधी काढलं ते विचारून घ्या. आणि आईंना शुगर असेल तर भेगा एकदा डॉक्टरांना दाखवाच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईला शुगर नाही, तरी दाखवून घेते. काल तिळाच्या तेलात नवं मलम केलं, स्टीलच्या भांड्यात, पाच छोट्या डब्या. प्रत्येकीवर तारीख लिहिली आणि आईला फोनवर बजावलं, वास आला की सरळ टाकायचं, मी परत करून देईन. डबी खिडकीतून फडताळात गेली आहे. या खेपेला टोकोफेरॉल मात्र मिळालं नाही. पुण्यात १०-२० ग्रॅम सुटं कुठे मिळतं, कुणी सांगेल का? किलोची बाटली घेऊन ती माझ्याकडेच जुनी व्हायची.