स्ट्रोकचा पेशंट रात्रीत बिघडणार हे आधी कसं ओळखता? मदत हवी आहे

नमस्कार. तालुक्याच्या गावी छोट्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सध्या नाइट ड्युटी. गुठळीमुळे येणाऱ्या स्ट्रोकबद्दल विचारायचंय, रक्तस्रावाच्या नाही.

मागच्या आठवड्यात साठीचे एक काका आले. चेहरा जरासा वाकडा, उजवा हात-पाय थोडा कमजोर, बोलणं जड. एनआयएचएसएस (स्ट्रोक किती गंभीर आहे ते मोजायचा स्कोअर, जास्त म्हणजे वाईट) ४. साडेचार तास उलटून गेले होते, त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. रात्री दहाला उजव्या हाताने स्वतः पाणी प्यायले. दोनला मी राउंडला गेले, तर काका डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटावर ठेवत होते. तो पुन्हा घसरून पलंगाखाली लोंबायचा. मला म्हणाले, "सिस्टर, हा माझा राहिला नाही." स्कोअर ९.

डॉक्टर लगेच आले, सीटी परत केला, रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या मोठ्या रक्तनळीतून निघणाऱ्या बारीक फांदीच्या तोंडाशीच अडथळा असला की असा स्ट्रोक टप्प्याटप्प्याने वाढतो, असं त्यांनी सांगितलं. पण मधल्या चार तासांत मी बीपी आणि शुगर लिहिली, हात उचलायला एकदाही सांगितलं नाही. झोपलेत, झोपू दे म्हटलं. ते मनातून जात नाही.

एवढं माहीत आहे: पहिल्या दोन-तीन दिवसांत स्कोअर २ ते ४ ने वाढला तर बिघाड धरतात. वाढलेली शुगर, ताप, मोठी नळी बंद असणं, एकदम उतरलेलं बीपी ही धोक्याची लक्षणं. मोठ्या स्ट्रोकमध्ये सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, तिथे आम्ही आधीच सावध असतो. फसवतात ते हे ४ स्कोअरवाले.

इंजेक्शन न दिलेल्या पेशंटला रात्री किती वेळाने उठवून तपासता? पूर्ण स्कोअर करता की फक्त हात, पाय, बोलणं आणि शुद्ध? बीपी १९० दिसलं की नातेवाईक गोळीसाठी मागे लागतात. २२०/१२० च्या आत सहसा उतरवत नाहीत हे त्यांना कसं समजावता? आमच्याकडे रात्री एमआरआय नसतो, म्हणून पलंगाशी करता येईल असंच सांगा.

कुणाच्या वॉर्डात मराठी तक्ता असेल तर मजकूर इथे टाका. सोमवारच्या ड्युटीआधी छापून लावेन.