वेलस्ली: भावाचा वशिला की स्वतःची धमक?

भोकरदनकर: वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवलं म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे गोडवे गाण्याआधी त्याचं घराणं बघा. अर्ल ऑफ मॉर्निंग्टनचा हा धाकटा मुलगा, आर्थर वेलस्ली. शाळेत यथातथा. १७९३ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला, तोही थोरल्या रिचर्डकडून उसने पैसे घेऊन, हुद्दा विकत! १७९८ ला तोच रिचर्ड इथे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल. पुढच्या वर्षी टिपूच्या श्रीरंगपट्टणवर हल्ला झाला, तेव्हा तटाच्या खिंडारात घुसला ब्रिटिश अधिकारी बेअर्ड, जो पूर्वी तिथेच कैदेत सडला होता. शहराचा कारभार मात्र मिळाला धाकट्या वेलस्लीला. याला वशिला नाही तर काय म्हणायचं?

किल्लेदार: हुद्दे तेव्हा सर्रास विकले जायचे हो. २३ सप्टेंबर १८०३ ला तुमच्या भोकरदनजवळच्या असईत शिंद्यांशी लढाई झाली, तेव्हा थोरले बंधू नव्हते मदतीला. वाटाडे म्हणाले, केळणा नदीला इथे पायी ओलांडण्याजोगा उतार नाही. याने पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, म्हणजे माणसं ये-जा करत असणारच. उतार निघाला! लढाईत एक घोडा गोळीने गेला, दुसऱ्याला भाला लागला. भोकरदनचे असून हे तुम्हाला मी सांगायचं?

भोकरदनकर: उतार हेरला, मान्य. पण शिंद्यांच्या तोफांपुढे त्याची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, ते का गाळता? आणि एवढी मोठी फौज त्याच्या हाताखाली आली कशी, हा माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

मंजुघोषा: घराण्याचा एवढा दबदबा होता, तर ज्या किटी पॅकनहॅमशी त्याला लग्न करायचं होतं, तिच्या घरच्यांनी त्याला नकार का दिला? कर्जबाजारी धाकटा मुलगा म्हणूनच ना! त्या रागात याने आपली व्हायोलिनं जाळली म्हणतात. हिंदुस्थानात पैसा आणि नाव कमावून परतला, तेव्हा कुठे १८०६ मध्ये डब्लिनला लग्न झालं. मधली दहा-बारा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. लग्न लावलं पाद्री असलेल्या भावाने, जेराल्डने. दोन मुलगे झाले, पण संसार कोरडाच. लग्नाचा शब्द पाळला, एवढंच पुण्य.

फटकळ: आणि ते पुण्य फेडलं किटीने, १८३१ ला मरेपर्यंत!

किल्लेदार: माणूस अगदीच कोरडा नव्हता. १८०० मध्ये इंग्रजांशी लढणारा बंडखोर धोंडिया वाघ मारला गेला, तेव्हा त्याचा लहान मुलगा सलाबतखान सामानसुमानात सापडला. वेलस्लीने त्याला सांभाळलं, जाताना त्याच्यासाठी पैसेही ठेवले.

फटकळ: बाप मारून पोराला पोसलं, हे कौतुक तुम्हालाच लखलाभ.

किल्लेदार: धोंडिया रणात पडला, घरात घुसून नाही मारला त्याला. मुलाला तिथेच टाकून गेला असता तर बरं झालं असतं का?