शॉर्ट ट्रॅक स्केटिंग : ‘फेरी’ कोणती, ‘बाद’ कोण आणि ‘धक्का’ कशाला म्हणावे?

प्रश्न (नंदनवन, नागपूर)

आमच्या वस्तीत रोलर स्केटिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी मी हिवाळी ऑलिंपिकमधील शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगच्या नियमांची मराठी पत्रिका तयार करीत आहे. ‘स्केट’, ‘ट्रॅक’, ‘हेल्मेट’ हे शब्द मुलांच्या तोंडी असल्यामुळे तसेच ठेवले आहेत. अडचण ‘फेरी’ या शब्दाची आहे. ‘उपांत्य फेरी’ आपण सर्रास म्हणतो आणि ट्रॅकला एकदा वळसा घालून येणे हीदेखील फेरीच. त्यामुळे ‘उपांत्य फेरीच्या शेवटच्या फेरीत तो मागे पडला’ अशी वाक्ये तयार होऊ लागली आहेत. दुसरी शंका अशी की ‘बाद’ आणि ‘अपात्र’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील काय?

उत्तर (महाल)

ताई, ट्रॅकवरील वळशासाठी आपण ‘फेरा’ वापरावा. हा ट्रॅक १११.१२ मीटरचा असतो. म्हणजे ५०० मीटरला साडेचार फेरे, १००० मीटरला नऊ आणि १५०० मीटरला साडेतेरा. ‘साडे’ची सोय मराठीत आयतीच आहे. ‘शॉर्ट ट्रॅक’ला ‘लघुपथ’ असे नाव मात्र कृपया देऊ नये. हिंदी पाठ्यपुस्तकांवर वाढलेल्या नागपूरकराला त्यातून विजेचे शॉर्ट सर्किटच आठवेल.

उत्तर (धरमपेठ)

सर, ‘फेरा’ एकवचनात शोभतो, परंतु अनेकवचनात विभक्ती लागली की घोटाळा पुन्हा उभा राहतो, कारण ‘फेरी’ आणि ‘फेरा’ या दोहोंचे रूप ‘फेऱ्यांत’ असेच होते. ‘शेवटच्या दोन फेऱ्यांत’ हे वाचून उपांत्य व अंतिम फेरी समजायची की ट्रॅकवरचे शेवटचे सव्वादोनशे मीटर, हे वाचकाला कळणार नाही. या खेळात चार-पाच जण एकाच वेळी धावतात आणि पुढील फेरीत कोण जाणार हे बहुतांशी घड्याळावरून नव्हे, तर रेषा ओलांडण्याच्या क्रमावरून ठरते. म्हणून एका वाक्यात दोन्ही अर्थ येण्याचे प्रसंग येथे वारंवार येतात.

माझ्या मते स्पर्धेच्या टप्प्याला ‘फेरी’च राहू द्यावी आणि ट्रॅकवर ‘चक्कर’ वापरावी. फुटाळा तलावाला आपण चक्करच मारून येतो आणि मैदानावर शिक्षकही ‘पाच चकरा मारा’ असेच सांगतात. ‘चक्कर येणे’ हा दुसरा अर्थ आड येत नाही, कारण तेथे क्रियापद वेगळे आहे. राहता राहिला शब्द बोलीतला असल्याचा आक्षेप. पण पत्रिका पालकांसाठी आहे, विद्यापीठासाठी नव्हे.

‘बाद’ आणि ‘अपात्र’ यांची सरमिसळ मात्र कदापि करू नये. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील पुरुषांची १००० मीटरची शर्यत पाहावी. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी उपांत्यपूर्व फेरीत तिसरा आला आणि पुढे जाणार होते दोनच. तो बाद झालाच होता. पण कॅनडाचा मार्क गान्यों नियमभंगामुळे अपात्र ठरला आणि ब्रॅडबरी पुढच्या फेरीत गेला. एक अपात्र झाला म्हणून दुसरा बाद होता होता राहिला, हे वाक्य दोन्हीकडे ‘बाद’ लिहून सांगताच येणार नाही.

अंतिम शर्यतीत तर आणखी एक भेद दिसतो. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही कोसळले आणि मागून एकटाच उभा राहिलेला ब्रॅडबरी सुवर्णपदक घेऊन गेला. दक्षिण गोलार्धातील देशाचे हिवाळी ऑलिंपिकमधील ते पहिले सुवर्ण. तरीही पडलेले बाद झाले नव्हते. अमेरिकेचा अपोलो ओनो धडपडत उठला, रेषेपलीकडे त्याने पाय लांबवला आणि रौप्य मिळवले, कारण स्केटच्या पात्याचे टोक रेषेला पोहोचले की पुरे. आपली वृत्तपत्रे ‘घसरून बाद’ असा मथळा देतात तेव्हा मला हाच ओनो आठवतो.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. ‘चक्कर’ स्वीकारली. आता रिलेचे पान उरले आहे. तेथे बॅटन नसते. पुढे जाणाऱ्या सहकाऱ्याला मागून कंबरेशी दोन्ही हात टेकून जोराने ढकलतात आणि शर्यत त्याच्या हवाली करतात. पण प्रतिस्पर्ध्याला ढकलले तर तो नियमभंग. दोन्हीकडे ‘ढकलणे’ लिहिले तर मुले काय शिकतील, याची धास्ती वाटते!

उत्तर (महाल)

‘चक्कर’ मलाही मान्य आहे. ढकलण्याचे म्हणाल, तर सहकाऱ्याला देतात तो ‘रेटा’ आणि प्रतिस्पर्ध्याला बसतो तो ‘धक्का’ असे वाटून घ्यावे. रेट्यात जोर सलग लागतो आणि हेतू पुढे नेण्याचा असतो, धक्का क्षणाचा असतो आणि तोल घालवतो. बंद पडलेली गाडी लोटताना आपण ‘धक्का मारा’ म्हणतो, तेवढा अपवाद सोडून द्यावा.

उत्तर (धरमपेठ)

‘रेटा’ चपखल आहे. त्यात एवढी भर घालावी की पुरुषांच्या ५००० मीटर रिलेत पंचेचाळीस चकरा असतात, महिलांच्या ३००० मीटरमध्ये सत्तावीस आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून सुरू झालेल्या २००० मीटरच्या मिश्र रिलेत अठरा. पुरुष व महिलांच्या रिलेत शेवटच्या दोन चकरा एकाच खेळाडूने पूर्ण करायच्या असतात. म्हणून ‘अखेरचा रेटा’ असे लिहिताना तो शेवटच्या दोन चकरांच्या आधीच दिला जातो, हे त्याच ओळीत नमूद करावे.