मदत हवी आहे : बेसबॉलच्या थोर फटकेबाजांची ताकद पस्तिशीनंतर खरंच वाढते का?

धागाकर्ता : पस्तिशीपार

बॅरी बॉन्ड्सच्या २००१ मधल्या ७३ होमरनचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास येतो. हँक आरनचा सर्वाधिक होमरनचा हंगाम १९७१ चा, ४७ होमरन, वय ३७. टेड विल्यम्सने १९५७ मध्ये ३८व्या वर्षी ३८ होमरन मारले, वर .३८८ ची सरासरी, म्हणजे हजार संधींत ३८८ हिट्स. विली मेजचे ५२ होमरन १९६५ चे, वय ३४. तेव्हा थोर फटकेबाजांची ताकद उशिराच फुलते, आणि बॉन्ड्सने स्टेरॉइड घेतल्याचा संशय घेण्यात अर्थ नाही, असं म्हणतात.

हे आकड्यांवर घासून बघायचं आहे. एक्सेलमध्ये तक्ता करतोय आणि तीन ठिकाणी अडलोय:

१. होमरनची संख्या धरायची की दर? दर असेल तर कशाला भागायचं?
२. मैदान आणि काळ यांचा परिणाम बाजूला कसा काढायचा?
३. बॉन्ड्सचा वाढदिवस २४ जुलैला, म्हणजे ऐन हंगामात. मग २००१ मध्ये त्याचं वय ३६ लिहायचं की ३७?

होमरन आणि वॉक म्हणजे काय ते माहीत आहे, क्रिकेटच्या उपमा नकोत. जाणकारांनी मदत करावी.

---

आकडेमोड्या

तिसरा प्रश्न सोपा, तो आधी उरकतो. ३० जूनला जे वय असेल तेच त्या हंगामाचं वय, हा सर्वमान्य संकेत आहे. सूत्र : हंगामाचं वर्ष वजा जन्मवर्ष; जन्म जुलै किंवा नंतरचा असेल तर आणखी १ वजा. बॉन्ड्स (जुलै १९६४) २००१ मध्ये ३६, आरन (फेब्रुवारी १९३४) १९७१ मध्ये ३७.

आता पहिला. संख्या अजिबात नको. १९८१ आणि १९९४ चे हंगाम संपामुळे तुटले, २०२० मध्ये तर ६०च सामने झाले. शिवाय उतारवयात खेळाडूला विश्रांती जास्त मिळते. प्रत्येक होमरनमागे किती ॲट-बॅट (वॉक वगळून फलंदाजीच्या पाळ्या) लागले ते काढा. आकडा जितका लहान तितका मारा मोठा.

आरन : १९५७ मध्ये ६१५ ॲट-बॅटमध्ये ४४, म्हणजे १४.०. १९७१ मध्ये ४९५ मध्ये ४७, १०.५. १९७३ मध्ये ३९व्या वर्षी ३९२ मध्ये ४०, म्हणजे ९.८.
विल्यम्स : १९४९ मध्ये ५६६ मध्ये ४३, १३.२. १९५७ मध्ये ४२० मध्ये ३८, ११.१. १९६० मध्ये ४१व्या वर्षी ३१० मध्ये २९, १०.७.
मेज : १९५५ मध्ये ११.४, १९६५ मध्ये १०.७. हा फरक धरण्यासारखा नाही.
मार्क मॅग्वायर : १९८७ मध्ये ११.४, १९९८ मध्ये ७.३.
बॉन्ड्स : १९९३ मध्ये ५३९ मध्ये ४६, ११.७. २००१ मध्ये ४७६ मध्ये ७३, ६.५.

आणखी एक रकाना ठेवा : ॲट-बॅटमधून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) वजा करा आणि उरलेल्याला होमरनशी ताडून बघा. बॅटला चेंडू लागला तर तो कुंपणापलीकडे गेला किती वेळा, हे त्यातून कळतं. आरन १९५७ मध्ये ७.९ टक्के, १९७१ मध्ये १०.८. बॉन्ड्स १९९३ मध्ये १०, २००१ मध्ये १९.१. इथे दोघांच्या वाढीतलं अंतर उघडं पडतं.

---

डावखुरा

थोडक्यात, दर घेतला तरी आरन आणि विल्यम्स वाढलेच की! मग धागाकर्त्याच्या प्रतिपक्षाचा मुद्दा सिद्ध झाला.

---

आकडेमोड्या

@डावखुरा, घाई करू नका. आरनच्या बाबतीत मैदान बाजूला काढल्याशिवाय काहीच कळत नाही.

आरनचा ब्रेव्ह्ज संघ १९६६ मध्ये मिलवॉकीहून अटलांटाला गेला. अटलांटाचं मैदान समुद्रसपाटीपासून साधारण १,०५० फूट उंचीवर. १९९३ मध्ये डेन्व्हरचा संघ येईपर्यंत मेजर लीगमधलं (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमधलं) सर्वांत उंच. हवा विरळ, चेंडू लांब. लोक त्याला ‘लाँचिंग पॅड’ म्हणायचे ते उगाच नाही. १९७३ मध्ये त्या एका संघातल्या तिघांनी चाळीसचा आकडा गाठला : डेव्ही जॉन्सन ४३, डॅरेल इव्हान्स ४१, आरन ४०.

आता आरनचे होमरन घरचे आणि बाहेरचे असे वेगळे करा :

मिलवॉकी, १९५४ ते १९६५ : ७,०८० ॲट-बॅट, ३९८ होमरन. घरी १८५, बाहेर २१३.
अटलांटा, १९६६ ते १९७४ : ४,५४८ ॲट-बॅट, ३३५ होमरन. घरी १९०, बाहेर १४५.

ॲट-बॅट घरी निम्मे, बाहेर निम्मे असं ढोबळ धरू. घरचा दर मिलवॉकीत १९.१ होता, अटलांटात १२.० झाला. बाहेरचा १६.६ वरून १५.७. म्हणजे बदललं ते प्रामुख्याने घर. मिलवॉकीच्या मैदानाने आरनचे होमरन खाल्ले आणि अटलांटाने ते व्याजासकट परत केले. कारकिर्दीची बेरीज करा (शेवटच्या दोन हंगामांतले २२ धरून) : घरी ३८५, बाहेर ३७०. म्हणूनच एकूण आकडा बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

१९७१ च्या त्या हंगामात ३१ घरी, १६ बाहेर. बाहेरचा दर साधारण साडेपंधरा, म्हणजे त्याचा नेहमीचाच.

बॉन्ड्सला हीच चाळणी लावा. २००१ मध्ये ३७ घरी, ३६ बाहेर. आणि घर कुठलं, तर सॅन फ्रान्सिस्कोचं नवं मैदान. उजव्या कोपऱ्यात कुंपण ३०९ फुटांवर असलं तरी उजव्या-मध्य भागात ते तेव्हा ४२१ फुटांपर्यंत मागे जात होतं. बॉन्ड्ससारख्या डावखुऱ्यांच्या होमरनसाठी कठीणच. इथे मैदानाचा आडोसा घेता येत नाही.

---

माउंडवाला

मैदानाबरोबर नियमांचंही बघा. १९६९ मध्ये पिचरचं माउंड (चेंडू फेकणाऱ्याचा उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणलं, स्ट्राइक झोन (चेंडू वैध ठरण्याचा पट्टा) लहान केला आणि चार नवे संघ आले. प्रतिसंघ प्रतिसामना धावा ३.४२ वरून ४.०७ वर गेल्या. आरन त्याच दोन हंगामांत २९ वरून ४४ वर गेला.

---

आकडेमोड्या

हे १९६८ आणि १९६९ मधल्या उडीला लागू आहे. १९५७ ची तुलना १९७१ शी केली तर काळ उलटाच पडतो : मेजर लीगमध्ये प्रतिसंघ प्रतिसामना होमरन १९५७ मध्ये ०.८९ होते, १९७१ मध्ये ०.७४. तेव्हा प्रामाणिकपणे मांडायचं तर बाहेरच्या मैदानांवरचा आरनचा दर टिकला, आणि इतर फटकेबाजांच्या मानाने तो थोडा वर गेला. ही वाढ खरी आहे, तिच्यावर कुणी पाणी ओतू नये.

मात्र ती कुठून आली ते त्याच्या हिट्समध्येच दिसतं. १९५९ : २२३ हिट्स, त्यात ४६ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे हिट्स), ३९ होमरन, सरासरी .३५५. १९७३ : ११८ हिट्स, त्यात डबल फक्त १२ आणि होमरन ४०, सरासरी .३०१. तरुणपणी उजव्या-मध्य भागात सरळसोट फटके मारणारा माणूस पुढे चेंडू डावीकडे ओढून उंच मारू लागला. सरासरी आणि डबल देऊन त्याने होमरन घेतले. याला ताकदीची वाढ म्हणण्यापेक्षा ताकदीचा वेगळा वापर म्हणणं बरं.

---

बॅटगती

शरीराच्या बाजूने थोडं लिहितो.

बॅटची गती ताशी १ मैल वाढली की चेंडूचा बॅटवरून सुटण्याचा वेग साधारण १.२ मैल वाढतो. होमरनच्या कोनात (२५ ते ३० अंश) सुटलेल्या चेंडूला प्रत्येक मैलामागे ५ फुटांच्या आसपास जास्त अंतर मिळतं. म्हणजे बॅट ताशी २ मैल मंदावली की चेंडू सुमारे १२ फूट अलीकडे पडतो. कुंपणासमोरची मातीची पट्टी जवळपास तेवढीच रुंद असते. काल जो होमरन होता तो आज पट्टीवर उभ्या असलेल्या आउटफील्डरच्या हातात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, होमरन दीडपट व्हायला ताकद दीडपट लागत नाही. थोडा कोन, थोडा वेग, थोडी विरळ हवा पुरते. म्हणून ‘एवढी उडी, म्हणजे नक्कीच औषध’ हा तर्क एकट्याने पुरेसा नाही. दोन, हाच उतार दुसऱ्या बाजूलाही तितकाच तीव्र आहे. झटक्यात आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयाबरोबर कमी होतात आणि बॅटची गती त्यांच्यावरच चालते. अनुभवाने चेंडूची निवड सुधारते, पिचर ओळखीचे होतात, त्यामुळे हा तोटा काही वर्षं भरून निघतो. मोजलेली बॅटगती मात्र पस्तिशीनंतर स्वाभाविकपणे चढत जावी असं शरीरात काही नाही.

चेंडूचा सुटण्याचा वेग २०१५ पासून सगळ्या मैदानांवर मोजला जातो आणि बॅटगतीचे आकडे २०२४ पासून खुले आहेत. आरन-बॉन्ड्ससाठी दोन्ही नाहीत, तेव्हा तुम्हाला दरांवरच भागवावं लागेल.

---

डावखुरा

आरनचं पटलं. विल्यम्सचं काय? तो तर आयुष्यभर एकाच मैदानावर.

---

आकडेमोड्या

विल्यम्सची सगळी वाढ मैदानाने सुटत नाही, मान्य. पण १९६० मध्ये त्याचे ॲट-बॅट फक्त ३१० आहेत. दुखणं असेल त्या दिवशी बाहेर, थकला की बाहेर. उरले ते ताजेतवाने दिवस. कमी ॲट-बॅटवरचा दर चमकदार दिसतोच. अल्बर्ट पुहोल्सचं २०२२ बघा : ४२व्या वर्षी ३०७ ॲट-बॅटमध्ये २४ होमरन, दर १२.८. मोठा वाटा डावखुऱ्या पिचर्सविरुद्ध निवडून दिलेल्या सामन्यांचा. आणि तरीही २००६ च्या १०.९ पेक्षा मागेच.

खरी चूक याच्याही आधी होते, यादी करताना. ‘पस्तिशीनंतरही मारत होते’ अशांचीच नावं घेतली तर उत्तर ठरलेलं आहे. त्याच तोलाचे बाकीचे घ्या. मिकी मँटल : १९६१ मध्ये ९.५, शेवटच्या १९६८ च्या हंगामात ३६व्या वर्षी २४.२. जिमी फॉक्स : १९३२ मध्ये १०.१, १९४१ मध्ये ३३व्या वर्षी २५.६. राल्फ कायनर बत्तिशीत निवृत्त. केन ग्रिफी ज्युनियरचे ५६ होमरनचे दोन्ही हंगाम २७ आणि २८ या वयातले. खुद्द बेब रुथचा दर १९२० मध्ये ८.५ होता, ६० होमरनच्या १९२७ मध्ये ९.०.

---

माउंडवाला

नेल्सन क्रूझ राहिला. २०१४ मध्ये १५.३, २०१९ मध्ये ३८व्या वर्षी ४५४ मध्ये ४१, म्हणजे ११.१. डेव्हिड ऑर्टिझनेही २०१६ मध्ये चाळिशीत ३८ मारले.

---

बॅटगती

ऑर्टिझचा २०१६ चा दर १४.१, आणि २००६ चा १०.३. टिकला, वाढला नाही.

क्रूझवर २०१३ मध्ये उत्तेजक औषधांच्या प्रकरणात ५० सामन्यांची बंदी होती, तेव्हा ‘नैसर्गिक’ वाढीचा नमुना म्हणून तो घेऊच नये. पण ते सोडलं तरी काळाचा हिशोब करा. २०१४ मध्ये सगळ्या लीगचे मिळून ४,१८६ होमरन. २०१९ मध्ये ६,७७६. चेंडूची शिवण कमी उठावदार झाली, हवेचा अडथळा घटला आणि सगळ्यांचेच चेंडू लांब गेले. लीग ६२ टक्क्यांनी वाढली, क्रूझ ३८ टक्क्यांनी. म्हणजे लीगच्या तुलनेत तो घसरला.

---

पस्तिशीपार

सगळ्यांचे आभार. हाच काळाचा हिशोब बॉन्ड्सला लावला : प्रतिसंघ प्रतिसामना होमरन १९९३ मध्ये ०.८९, २००१ मध्ये १.१२. लीगची वाढ २६ टक्के, बॉन्ड्सच्या दराची सुमारे ८० टक्के.

आता सगळे फटकेबाज घेऊन वयानुसार आलेख करायला लाहमन डेटाबेसची (बेसबॉलच्या आकडेवारीच्या खुल्या साठ्याची) फलंदाजीची फाइल उतरवली. पण काही खेळाडू एकाच वर्षी दोनदा येतात, आणि आलेख चाळिशीजवळ वर चढतो! सूत्र चुकलं का?

---

आकडेमोड्या

सूत्र बरोबर आहे, मांडणी चुकली.

दोनदा येणारे म्हणजे हंगामाच्या मध्यात संघ बदललेले. त्या फाइलमध्ये ‘स्टिंट’ नावाचा रकाना असतो, प्रत्येक संघाची ओळ वेगळी. पिव्होट टेबल करून खेळाडू आणि वर्ष यांवर ॲट-बॅट आणि होमरनची बेरीज करा, भागाकार त्यानंतर. दरांची सरासरी काढू नका, २० ॲट-बॅटवाली ओळ सगळं बिघडवते. जन्मतारीख खेळाडूंच्या वेगळ्या फाइलमधून ओळख-क्रमांकाने जोडा.

चाळिशीजवळ आलेख चढतो कारण तिथे फक्त आरन, विल्यम्स, बॉन्ड्सच उरतात. सामान्य खेळाडू पस्तिशीतच घरी गेलेले. म्हणून वयाची थेट सरासरी नको. एकाच खेळाडूचे लागोपाठचे दोन हंगाम जोडीने घ्या, दुसऱ्यातून पहिला वजा करा. इथे मात्र दर उलटा घ्या, होमरन भागिले ॲट-बॅट, म्हणजे अधिक चिन्ह वाढीचं राहील. त्या फरकाला दोनांपैकी लहान ॲट-बॅटचं वजन द्या आणि मग ३०-३१, ३१-३२ अशा गटांत सरासरी काढा. दोन्ही हंगामांत किमान ३०० ॲट-बॅट अशी अट ठेवा. वजाबाकीच्या आधी प्रत्येक दराला त्या वर्षीच्या लीगच्या दराने भागा, नाहीतर २०१९ चा चेंडू तुमच्या आलेखात ताकद म्हणून शिरेल.

यातही एक गळती राहते : वाईट हंगामानंतर ज्याला काढून टाकलं त्याची पुढची जोडी बनतच नाही. त्यामुळे खरा उतार तुमच्या आलेखापेक्षा वेगळा असू शकतो, तेवढं खाली टीप म्हणून लिहा.

---

डावखुरा

मग बॉन्ड्सच्या उरलेल्या वाढीला तक्त्यात काय नाव द्यायचं?

---

आकडेमोड्या

‘मैदान आणि काळ वजा जाता शिल्लक’. मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं स्वतः कबूल केलं, तेव्हा त्याच्यापुढे तसं लिहा. बॉन्ड्सने जाणूनबुजून घेतल्याचं कधी मान्य केलं नाही, आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये दोषी ठरवणारा निकाल २०१५ मध्ये रद्द झाला. हेही त्याच ओळीत हवं. मेजर लीगमध्ये दंडासह चाचण्या २००४ मध्ये सुरू झाल्या, म्हणून २००३ आणि २००४ च्या मध्ये एक उभी रेघ मारून ठेवा. आरनच्या ओळीत घरचे-बाहेरचे दोन रकाने वेगळे दाखवा, वाद घालणाऱ्याला आधी तेच दाखवा.